तळ्याकाठच्या बायका

वहिनीचा दात पडला तो तळ्याच्या बागेतल्या नळावर. सकाळी घरात मार बसला होता, दात दिवसभर हलत होता, आणि संध्याकाळी कामावरून परतताना तिने चूळ भरली तेव्हा तो सुटून तिच्या तळहातावर आला. तिने तो पाण्याखाली धरला, रक्त धुतलं आणि दात रुमालाच्या टोकाला बांधला. मग माझ्याकडे बघून म्हणाली, "आईंना सांगू नको हं. उगाच परत सुरू होईल."

शेजारच्या घसरगुंडीवर मुलं ओरडत होती. पेन्शनर मंडळी आपल्या ठरलेल्या बाकड्यावर सांजेचं वर्तमानपत्र वाटून वाचत होती. नळावर बाटली भरायला आलेल्या एका बाईने वहिनीचा सुजलेला ओठ पाहिला, खाली साचलेलं लालसर पाणी पाहिलं आणि बाटली तशीच घेऊन निघून गेली.

गिरण्यांचा संप सुरू होऊन वर्ष उलटून गेलं होतं. आम्ही अंधेरी पूर्वेला, मरोळच्या अलीकडे एका चाळीत राहायचो. एक खोली, कोपऱ्यात मोरी. त्यात आई, दादा, वहिनी आणि मी. चाळीच्या मागे उतरत गेलं की तळं लागायचं. आमच्या बाजूला दगडी पायऱ्या, पलीकडे ऑफिसातल्या लोकांच्या नव्या सोसायट्या, आणि मध्ये काठाकाठाने महापालिकेची बाग. बाग म्हणजे काय, गुलमोहराची झाडं, घसरगुंडी, नळ आणि सिमेंटची बाकडी. पाणी हिरवं, गणपतीनंतर तर शेवाळलेलं. तरी सगळी वस्ती तिथे लोटायची, कारण घरात जागाच नव्हती. केस विंचरायचे तर तिथे, परीक्षेचा अभ्यास तिथे, मुलगी दाखवायची तर तिथे, आणि रडायचं असलं तरी तिथेच. चाळीतल्या बायका मेथी निवडायला घेऊन यायच्या, सोसायटीतल्या मटार सोलायला. एकमेकींच्या घरी कधी गेल्या नसतील, पण एकीच्या सुपातलं दुसरीने निवडून दिलेलं मी पाहिलंय.

मी मरोळच्या औद्योगिक वसाहतीत औषधांच्या गोळ्या पाकिटात भरायचं काम करायची. दादाची गिरणी बंद पडली तेव्हा मी वहिनीलाही तिथे लावून दिलं. सुटल्यावर आम्ही दोघी चालत यायचो आणि घरी जाण्याआधी पायऱ्यांजवळच्या बाकड्यावर थोडा वेळ बसायचो. बोलायचोच असं नाही. वहिनी चप्पल काढून पाय पुढे पसरायची आणि डोळे मिटायची. दिवसातला तेवढाच वेळ तिला कोणी हाक मारत नसे.

आमच्या त्या बाकड्यापाशी एक मावशी असायची. मढची कोळीण. दिवसभर रस्त्याकडेच्या बाजारात मासे विकायची आणि परतीच्या वाटेला लागण्याआधी पायऱ्यांवर बसून रिकामी पाटी धुवायची. पाटी धुवायला मनाई होती. राखणदार शिट्टी वाजवायचा, मावशी त्याला अशी शिवी घालायची की तो लाजून दुसरीकडे वळायचा. अंगाने दणकट, आवाज खाडीच्या या तीरावरून त्या तीराला जाईल असा. वहिनीचा दात पडल्यानंतर दुसऱ्या दिवशी तिने विचारलं, "कोनी मारला गो?"

वहिनी म्हणाली, "पडले मावशी."

"परत परत त्याच तोंडावर पडतेस?" मावशी म्हणाली, आणि पाटी घासायला लागली.

आता दादाबद्दल सांगते. लोकांना वाटायचं तो पीत असणार. दादा दारूला शिवायचा नाही. बिडीसुद्धा नाही. गिरणीत साच्यावर, म्हणजे मागावर, होता तेव्हा धुतलेला, इस्त्रीचा शर्ट घालून कामाला जायचा आणि तसाच इस्त्रीचा परत यायचा. कमी बोलायचा. लग्न झालं तेव्हा वहिनीसाठी स्वतः जाऊन निळं पातळ निवडून आणलं होतं. संपाचे पहिले महिने सभांना जायचा, घसा बसवून यायचा. मग सभा संपल्या. बरोबरचे काही गावी गेले, काहींनी भाजीच्या गाड्या लावल्या. दादा घरात बसला. सकाळी दाढी करायचा, इस्त्रीचा शर्ट घालायचा आणि भिंतीला टेकून बसायचा.

पहिल्यांदा त्याने वहिनीला मारलं ते आमटीत मीठ कमी पडलं म्हणून. थाळी तिच्या अंगावर फेकली, मग उठून कानाखाली मारली. आम्ही सगळ्याच दचकलो, तोही दचकला असावा. पण नंतर त्याला सवय झाली. शर्टाची घडी चुकली म्हणून. दार उघडायला वेळ लावला म्हणून. तिने खाली पाहिलं म्हणून, वर पाहिलं म्हणून. हात, मग पट्टा, मग लाटणं. तो शुद्धीत मारायचा. कुठे लागतंय ते बघून मारायचा. मी मध्ये पडले की मलाही बसायचं. डाव्या हाताची करंगळी माझी अजून सरळ होत नाही, ती त्याच दिवसांतली. वहिनी कामाला लागल्यावर तर तिने उंबऱ्यात पाऊल टाकलं की तो उठून उभा राहायचा.

आई त्या वेळी घागर घेऊन बाहेर पडायची. नळाला पाणी असो नसो. परत आली की म्हणायची, "पुरुष माणूस बसान रवलो काय असाच जाता. तू उलट बोला नको."

वहिनी उलट बोलतच नव्हती.

त्या वर्षी गणपती जाऊन थोडेच दिवस झाले होते. तळ्याच्या काठाला सुकलेले हार, पेंढा आणि रंग उतरलेली माती साचली होती. पायऱ्या चिखलाने निसरड्या झाल्या होत्या. संध्याकाळी आम्ही नेहमीसारख्या बाकड्यावर बसलो होतो. मावशी पायरीवर बसून बाजारातल्या एका गिऱ्हाइकाची नक्कल करत होती. ती बाई पापलेटाचे कल्ले उघडून बघायची, नाक लावून वास घ्यायची, आणि शेवटी मूठभर सुकट घेऊन जायची. मावशीने नाकाला पदर लावून तिचं चालणं करून दाखवलं आणि वहिनी हसली. पडलेला दात दिसू नये म्हणून तोंडावर हात धरून हसली, पण खांदे हलत होते, डोळ्यांत पाणी आलं होतं. तिला इतकं हसताना मी लग्नानंतर पहिल्यांदाच बघत होते.

दादा फाटकातून आत येताना मला दिसला. शर्ट खोचलेला, केस नीट बसवलेले. तो सरळ बाकड्यासमोर येऊन उभा राहिला.

"कोणाला हसतेस?"

वहिनीचं हसू गेलं. "कोणाला नाही."

"घरी चल."

"येते. जरा बसते आणि येते."

हे एवढंच ती म्हणाली. त्याने तिच्या अंबाड्यात हात घातला आणि तिला बाकड्यावरून खाली ओढलं. ती गुडघ्यांवर पडली. मी त्याचा हात धरला, "दादा, सोड! लोक बघतायत!" म्हणाले. त्याने मागे न बघता कोपर मारलं, ते माझ्या नाकावर बसलं. डोळ्यांपुढे काळोख आला, तोंडात रक्ताची चव आली. मी सावरले तोवर तो तिला केसांनी ओढत पायऱ्या उतरत होता. प्रत्येक पायरीवर तिचं अंग आपटत होतं. पाण्याशी पोचल्यावर त्याने तिचं डोकं खाली दाबलं, हार आणि पेंढा तरंगत होता त्याच्यातच. दुसरा हात पाठीवर ठेवला आणि धरून राहिला.

बागेत किती माणसं होती ते मी सांगू शकत नाही, पण बाकडी भरलेली होती. गळ टाकून बसलेले दोघे उभे राहिले आणि उभेच राहिले. पेन्शनरांपैकी कोणी तरी "अहो, अहो" म्हणालं. वहिनीचे पाय पायरीवर घासत होते. तिची चप्पल निघाली आणि पाण्यात गेली.

मी दादाच्या पाठीवर उडी घेतली. त्याच्या कानाला चावले. कानाचा तुकडा तुटेल इतक्या जोराने चावले, तरी तो सोडेना. तेवढ्यात माझ्या डोक्यावरून काही तरी गेलं आणि दादाच्या कपाळावर फटकन बसलं. मावशीची पाटी होती ती, ओली, जड. तिने पुन्हा मारली. पाटीची कड त्याच्या भुवईवर लागली आणि रक्त त्याच्या डोळ्यात उतरलं. त्याचा हात सुटला. मी वहिनीला काखेत धरून वर ओढलं. तिच्या तोंडात माती होती, ओठ निळे पडले होते. ती ओकली, मग श्वास आला, मग पुन्हा ओकली.

दादा मावशीवर धावला. "तू कोण गं मध्ये येणारी?" म्हणत त्याने तिच्या पोटात लाथ घातली. मावशी मागे बसली, आणि बसल्या बसल्या तिने त्याचा तो पाय दोन्ही हातांनी धरला आणि ओढला. निसरड्या पायरीवर तो पाठीवर आपटला.

मग बायका आल्या. कोणी कोणाला हाक मारलेली मला ऐकू आली नाही. सोसायटीतल्या एक शाळामास्तरीण बाई रोज छत्री घेऊन फेऱ्या मारायच्या, त्या सगळ्यात पुढे होत्या. छत्रीची मूठ त्यांनी त्याच्या नडगीवर मारली तेव्हा आवाज आला. मागून चाळीतल्या आल्या, चप्पल हातात घेऊन. एकीच्या हातात मटाराचं भांडं होतं, तेच तिने त्याच्या डोक्यात घातलं. हिरवे दाणे पायऱ्यांवर सांडले. दादा हात वर करून डोकं झाकत होता आणि बायका त्याच्या हातांवर मारत होत्या. मीही मारलं. माझ्या नाकातून रक्त वाहत होतं आणि मी त्याच्या बरगडीत लाथ मारत होते. माझ्या भावाला. मला थांबावंसं वाटत नव्हतं.

तो "बस, बस" म्हणायला लागला तेव्हा मात्र आमचे हात ढिले पडले. आणि नेमके त्याच वेळी पुरुष धावत आले. गळवाले दोघे, फाटकावरचा भेळवाला, सोसायटीतले दोन-तीन जण. तो आता उठत नाही हे बघून आले. एकाने त्याच्या तोंडावर बूट ठेवला. दुसऱ्याने हात पिरगाळला, काटकी मोडावी तसा आवाज झाला आणि दादा किंचाळला. "साल्या, बाईवर हात टाकतो?" म्हणत एक जण मजेत लाथा घालत होता. त्याच्या चेहऱ्यावर जत्रेतला उत्साह होता.

मावशी पोट धरून उठली आणि मध्ये येऊन उभी राहिली. "आता आलाव? ती मरत व्हती तवा खंय व्हतव? व्हा बाजूला!"

त्यांच्यातला एक जण हसला. मावशीने पाटी उचलली. ते मागे सरले.

वहिनी पायरीवर बसून हे सगळं बघत होती. केसांतून पाणी आणि माती गळत होती. तिने मारलं नाही, आणि थांबवलंही नाही.

पोलीस चौकीत आम्ही दोघी, मावशी आणि शाळेतल्या बाई गेलो. तिथल्या हवालदाराने वहिनीकडे, माझ्या नाकाकडे, मावशीच्या पाटीकडे पाहिलं. "घरातलं भांडण आहे. नवराबायको उद्या एक होतात, मग आम्ही मूर्ख ठरतो. घरी जा." बाई म्हणाल्या, "तो तिला बुडवत होता." तो म्हणाला, "बुडली का पण?"

बाहेर आल्यावर वहिनी पहिल्यांदा बोलली. "मी घरी येणार नाही."

"कुठे जाशील मग?"

मावशी म्हणाली, "माज्याकडं चल. घरात मी आनि म्हातारी सासू. बोंबलांचा वास खपवून घ्यायला लागंल."

वहिनी तशीच, ओल्या साडीत, एका पायात चप्पल घालून तिच्याबरोबर गेली. वर्सोव्याहून तरीच्या होडीत बसून ती खाडीपलीकडे मढला गेली आणि दुसऱ्या आठवड्यापासून तिथूनच मरोळला कामावर येऊ लागली.

घरी आईने दार उघडलं आणि माझ्या थोबाडीत मारली. नाक आधीच फुटलेलं होतं, मी भिंतीला धरून खाली बसले. आत दादा पडला होता, हात छातीशी धरून. "माझ्या झिलाक बायकांनी मारल्यानी," आई ओरडत होती, "आणि तू तेंच्यात? तुझो भाव मा तो?"

"तो तिला मारून टाकत होता, आई."

"मारीत होतो, मारून टाकूक नाय!"

आईला यातला फरक कळत होता असं मला आजही वाटतं. पण तिला तो मुलगाच जवळचा होता आणि सून परकी. तिने त्याच्या डोक्याशी बसून रात्रभर हळद लावली. माझ्याशी ती पुढे कित्येक महिने बोलली नाही. ताट पुढे सरकवायची, तेवढंच.

दादाचा हात बरा झाला, प्लास्टर निघालं. पण पायऱ्यांवर बायकांनी मारल्याचं चाळीत, कोपऱ्यावर, पानाच्या टपरीवर बोललं जात होतं. पोरं त्याला पाहून "मटार, मटार" म्हणायची. एका रविवारी तो कुठून तरी पहार घेऊन आला आणि भर सकाळी बागेत शिरला. पायऱ्यांजवळचं आमचं बाकडं त्याने फोडायला घेतलं. मी धावत गेले तेव्हा पाठ तुटली होती, सिमेंटमधल्या सळया बाहेर आल्या होत्या, आणि तो घामाने निथळत घाव घालत होता. राखणदार झाडामागे उभा होता. दादाने माझ्याकडे बघितलं आणि पहार माझ्या दिशेने फेकली. ती माझ्या पायाजवळ जमिनीत रुतली. "सांग तिला," तो म्हणाला, "इथे येऊन बसून दाखव म्हणावं."

मी सोमवारी कामावर वहिनीला सांगितलं. सांगू नये असंही वाटलं होतं. ती पाकिटं भरता भरता ऐकत राहिली. संध्याकाळी सुटल्यावर म्हणाली, "चल."

"अगं, तो असेल तिथे."

"असू दे."

दादाचं ते बोलणं रविवारीच वस्तीभर झालं होतं. शाळेतल्या बाई आमच्या आधीच येऊन बसल्या होत्या, फुटक्या बाकड्याच्या ढिगाऱ्याशेजारी, जमिनीवर वर्तमानपत्र पसरून. चाळीतल्या दोघी-तिघी आल्या. मावशी पाटी घेऊन आली. मग जिला जसं कळलं तशी एकेक येत गेली, निवडण-टिपण घेऊन, मांडीवर पोरं घेऊन, आणि सगळ्या मातीतच बसल्या. घसरगुंडीपासून नळापर्यंत बायकाच बायका. ज्या बाईने नळावरून बाटली तशीच परत नेली होती तीही होती. कोणी घोषणा दिल्या नाहीत. मेथीच्या काड्या मोडल्याचा आवाज येत होता. वहिनी मध्ये बसली होती. मी तिचे हात माझ्या हातात धरले होते.

दादा फाटकाशी आला. त्याने आत पाहिलं. मावशीने विळीवर मासळी कापायचं काम चालूच ठेवलं. बाईंनी छत्री मांडीवर आडवी घेतली. तो दोन पावलं आत आला. त्याच्या चेहऱ्यावर तोच राग होता, त्यात काहीच कमी झालं नव्हतं. त्याला ती सापडली असती तर त्याने तिला पुन्हा पाण्यात घातलं असतं. पण तिच्यापर्यंत पोचायला सगळ्यांना तुडवत जावं लागलं असतं. तो तिथेच थुंकला आणि वळून गेला.

पुढच्या होळीच्या आधी तो गावी गेला, आणि आईही त्याच्या मागोमाग गेली. वहिनी मढहून पुढे दोन वर्षं येत-जात राहिली. मग तिने आणि मी मिळून मरोळलाच एक खोली घेतली. तिने दुसरं लग्न केलं नाही. बाजारात कोणी मोठ्या आवाजात बोललं तरी पुष्कळ वर्षं तिचा हात आपोआप डोक्याकडे जायचा. तळ्यावर मात्र ती जात राहिली. महापालिकेने नवीन बाकडं बसवलं, मग कुंपण घातलं, पाणी उपसलं, बायका बदलल्या. नवीन सुनांना जुन्या बायका पायऱ्यांजवळची ती जागा दाखवायच्या. काय झालं होतं ते सगळं सांगायच्या नाहीत, फक्त म्हणायच्या, "काही झालं तर इथे ये."

पुढे आई वारली तेव्हा मी गावी गेले होते. दादा थकला होता, हाताची मोडलेली जागा वाकडीच बसली होती. दिवस झाल्यावर मी निघाले तेव्हा तो पडवीत बसला होता. मला वाटलं काही म्हणेल. तो भुवईवरच्या खुणेला हात लावून म्हणाला, "सगळ्या बायकांनी मिळून मारलं मला. भर संध्याकाळी. एकाने सोडवलं नाही."

एवढंच त्याच्या लक्षात राहिलं होतं. वहिनीचं त्याने नावही काढलं नाही.

परत आल्यावर मी तिला हे सांगितलं. ती बांगडे साफ करत होती, मढला शिकलेल्या हाताने, एका चिरेत पोट मोकळं करत. तिने हातातला बांगडा पुरा केला, पाण्यात टाकला आणि दुसरा घेतला.

"आठवू दे त्याला," ती म्हणाली.

मग तिने मला खोबरं वाटायला सांगितलं.